गिटशिवाय अजून कोण काय वापरतंय? व्हर्जन कंट्रोलचा कल कुठे चाललाय?

पाऊलखुणा

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या सर्वेक्षणांचे जुने निकाल चाळत होतो आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून हा धागा काढतोय. २०१५ साली व्हर्जन कंट्रोलसाठी, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायला, काय वापरता या प्रश्नाला सुमारे ६९ टक्के लोकांनी गिट सांगितलं होतं आणि सुमारे ३७ टक्के लोकांनी एसव्हीएन (सबव्हर्जन), म्हणजे बरेच जण दोन्ही वापरत होते. २०१८ मध्ये गिट ८७ च्या आसपास, एसव्हीएन १६. २०२२ मध्ये गिट जवळजवळ ९४, एसव्हीएन ५ आणि मर्क्युरिअल कसंबसं १ टक्का. सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्या कुठल्या हत्याराबाबत इतका एकतर्फी निकाल लागलेला मला तरी आठवत नाही. भाषा घ्या, एडिटर घ्या, डेटाबेस घ्या, सगळीकडे चार-पाच तगडे पर्याय आहेत आणि त्यांच्या बाजूने भांडणारे लोकही आहेत. इथे मैदान रिकामं.

आणि हे कायम असं नव्हतं. १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये एससीसीएस आलं, १९८२ मध्ये आरसीएस, मग त्याच्यावर उभं राहिलेलं सीव्हीएस, मग सीव्हीएसची दुखणी दूर करायची म्हणून २००० साली कोलॅबनेटने सुरू केलेलं सबव्हर्जन, ज्याचं १.० यायला २००४ उजाडलं. म्हणजे एकेका पिढीला दहा-पंधरा वर्षं लागत होती. आणि मग २००३ ते २००७ या चार-पाच वर्षांत अक्षरशः झुंबड उडाली, मोनोटोन, डार्क्स, बझार, मर्क्युरिअल, गिट, फॉसिल, सगळी त्याच काळातली. लिनक्स कर्नलवाले २००२ पासून बिटकीपर वापरत होते, ते व्यावसायिक सॉफ्टवेअर होतं पण कर्नलच्या लोकांना फुकट मिळत होतं, २००५ च्या एप्रिलमध्ये ती सवलत गेली आणि लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. ७ एप्रिल २००५ चा पहिला कमिट (नोंदवलेला बदल) आजही रेपोमध्ये, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागी, बघता येतो. मर्क्युरिअलची घोषणा त्यानंतर पंधरवड्याच्या आत, त्याच कारणासाठी. दोन्ही एकाच वयाची, एकाच प्रश्नातून आलेली, दोन्ही वितरित (प्रत्येकाकडे इतिहासाची पूर्ण प्रत), दोन्ही वेगवान. मग एकाला ९४ आणि दुसऱ्याला १ असं का व्हावं?

माझं मत असं आहे की निकाल हत्याराच्या गुणांवर लागलेला नाही, कोड कुठे ठेवायचा या प्रश्नावर लागलाय. २००८ मध्ये गिटचे रेपो ठेवायची गिटहब ही वेबसाइट सुरू झाली, पुल रिक्वेस्ट (माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती) नावाचं बटण मिळालं, आणि ओपन सोर्सवाले तिथे जमले म्हणून बाकीचे जमले. तुमची मतं ऐकायची आहेत. आणि जे लोक आजही गिट वापरत नाहीत त्यांनी जरूर लिहा, काय वापरता आणि का वापरता, कारण तुमच्याबद्दल कुठेच वाचायला मिळत नाही.

खटपट्या

धागा आवडला पण निष्कर्षाशी असहमत. गिटहबने वेग दिला हे मान्य, पण ज्यांनी एसव्हीएनमध्ये १.५ च्या आधी ब्रँच (कोडची वेगळी काढलेली शाखा) मर्ज केल्यात, म्हणजे मुख्य कोडमध्ये परत मिसळल्यात, त्यांना विचारा. कुठल्या रिव्हिजनपासून कुठल्या रिव्हिजनपर्यंतचे बदल आधी मर्ज झालेत हे एसव्हीएनला माहीतच नसायचं. ते आकडे आपण कमिट मेसेजमध्ये लिहून ठेवायचे, पुढच्या मर्जच्या वेळी शोधून काढायचे आणि तिथून पुढचं मर्ज करायचं. एखाद्याने लिहायचं सोडलं की तेच बदल परत अंगावर आणि कॉन्फ्लिक्टचा (एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांचा) डोंगर. मर्ज ट्रॅकिंग आलं २००८ च्या जूनमध्ये, तेव्हा गिट तीन वर्षांचं झालं होतं.

म्हणून त्या काळात टीम ब्रँच काढायलाच घाबरायच्या. सगळे ट्रंकवर (मुख्य शाखेवर), आणि अर्धवट काम चार-चार दिवस स्वतःच्या मशीनवर कमिट न करता पडलेलं. गिटमध्ये ब्रँच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारी चिमुकली फाइल, ती बनवायला वेळ लागत नाही आणि टाकून द्यायला मन कचरत नाही. कमिट आधी आपल्याकडे, मग वाटलं तर दुसऱ्यांना. ही मोकळीक मिळाल्यावर काम करायची पद्धतच बदलली, आणि ती बदलायला गिटहब लागलं नाही. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या जीनोमने २००९ मध्ये गिट घेतलं ते स्वतःच्या सर्व्हरवर. पर्ल भाषावाले तर २००८ मध्येच पर्फोर्स या व्यावसायिक साधनातून गिटमध्ये आले.

आणि सीव्हीएसबद्दल बोलायलाच नको. तिथे कमिट एकसंध नव्हताच, प्रत्येक फाइलचा वेगळा. मध्येच नेटवर्क गेलं की निम्म्या फाइली नव्या, निम्म्या जुन्या आणि बिल्ड मोडलेला. तरी ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे आजही सीव्हीएसवरच आहेत आणि त्यांचं काम शिस्तीत चालतं, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण साधन जुनं म्हणजे काम वाईट असं नसतं.

रानफूल

पाऊलखुणा, तुम्ही हाक मारलीत म्हणून लिहितेय. मी गेम बनवणाऱ्या स्टुडिओत बिल्ड आणि पाइपलाइनचं काम बघते. आमच्याकडे पर्फोर्स आहे, माझ्या आधीच्या दोन्ही स्टुडिओंत पर्फोर्सच होतं आणि या क्षेत्रात मोठ्या प्रोजेक्टसाठी ते इतकं गृहीत धरलेलं असतं की त्यावर चर्चाही होत नाही.

कारण सांगते. आमच्या डेपोत (पर्फोर्समधल्या रेपोत) कोड हा वजनाने अगदी थोडा भाग. बाकी सगळं टेक्स्चर, मॉडेल, ॲनिमेशन, आवाज, लेव्हल. एकेक फाइल शेकडो एमबीची. आता गिटचा मूळ विचार असा आहे की क्लोन केलं (रेपोची प्रत उतरवली) की सगळा इतिहास तुमच्याकडे. कोडला हे वरदान, आम्हाला शिक्षा, कारण एका टेक्स्चरच्या चाळीस आवृत्त्या मला माझ्या डिस्कवर कशाला हव्यात? पर्फोर्समध्ये मला हव्या त्या फोल्डरची फक्त ताजी आवृत्ती येते, इतिहास सर्व्हरवर राहतो.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, लॉक. दोन आर्टिस्टनी एकच मॉडेल उघडलं आणि दोघांनी बदल केले तर ते मर्ज होत नाही. होऊच शकत नाही. एकाचं दिवसभराचं काम फेकून द्यायला लागतं. पर्फोर्समध्ये फाइल घेतानाच ती माझ्या नावावर लॉक होते आणि बाकीच्यांना दिसतं की ती माझ्याकडे आहे. गिटवाले म्हणतील मोठ्या फाइलींसाठी एलएफएस ही जोड आहे, त्यातही लॉक आहे. आहे, वापरून बघितलंय. चालतं, पण मूळ घराला मागून जोडलेल्या खोलीसारखं आहे, प्रत्येक वेळी अंगणातून वळसा घालून जायचं. आमचे आर्टिस्ट टर्मिनल उघडत नाहीत आणि त्यांनी ते का उघडावं? त्यांना एका क्लिकवर फाइल मिळाली पाहिजे आणि एका क्लिकवर परत ठेवता आली पाहिजे.

आणि तुमच्या ९४ टक्क्यांबद्दल. त्या सर्वेक्षणाला उत्तर कोण देतं? स्टॅक ओव्हरफ्लोवर वावरणारे प्रोग्रामर. आमच्या डेपोत रोज सबमिट करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक प्रोग्रामर नाहीतच, त्यांची त्या आकड्यांत मोजणी होत नाही. कल बघायचाच असेल तर "कोडसाठी" असा शब्द त्या वाक्यात घालून बघा, मग मला तो आकडा पूर्ण मान्य आहे.

हिरवीवाट

रानफूल +१. आम्ही चिप डिझाइनमध्ये आहोत, इथेही पर्फोर्स आणि क्लिअरकेस या व्हर्जन कंट्रोल साधनांची जुनी पिढी बघितलीय. क्लिअरकेसचे डायनॅमिक व्ह्यू आजही आठवतात, सगळा कोड फाइल सिस्टिमसारखा समोर दिसायचा, काहीही डाउनलोड न करता. नेटवर्क मंदावलं की सगळं ऑफिस थांबायचं ते वेगळं. पण "हवं तेच, हवं तेव्हा आणा" ही कल्पना तेव्हाची आहे आणि आता गिटमध्ये पार्शल क्लोन म्हणून तीच परत आलीय असं मला वाटतं.

वाटसरू

मर्क्युरिअलचा विषय निघालाय तर माझ्याच्याने लिहिल्याशिवाय राहवणार नाही. मी अनेक वर्षं ते मनापासून वापरलं आणि आजही माझं मत आहे की दोघांत शिकायला सोपं आणि वापरायला सुरक्षित तेच होतं. कमांड थोड्या, नावं सरळ, एका कमांडचं एकच काम. गिटमध्ये चेकआउट ही एकच कमांड ब्रँच बदलायची आणि तीच फाइलमधले बदल उडवायची, आणि हे वेगळं करायला स्विच आणि रिस्टोर या कमांड यायला २०१९ उजाडलं. मर्क्युरिअलमध्ये फेजेस होते, म्हणजे जो कमिट एकदा जगासमोर गेला तो पब्लिक, त्याचा इतिहास बदलायला साधन तुम्हाला सहजासहजी देणारच नाही. किती टीमची रात्र या एका गोष्टीने वाचली असती.

आणि मोठी मंडळी बरोबर होती. पायथनने पर्याय तपासून मर्क्युरिअल निवडलं, २०११ मध्ये गेले. फायरफॉक्सवालं मोझिला होतं, जावाचं ओपनजेडीके होतं. बिटबकेट ही रेपो ठेवायची साइट तर २००८ मध्ये सुरूच झालं मर्क्युरिअलसाठी. मग एकेक जण निघाला. बिटबकेटने २०११ मध्ये गिट घेतलं. पायथन २०१७ मध्ये गिटहबवर. बिटबकेटने २०१९ मध्ये जाहीर केलं की मर्क्युरिअल बंद करतोय, नवे वापरणारे एक टक्क्याहूनही कमी उरलेत, आणि २०२० च्या जुलैत ते रेपो बंद केले. ज्या घरात जन्म झाला तिथूनच बाहेर. त्याच वर्षी ओपनजेडीके गिटवर गेलं. मोझिलाने २०२३ मध्ये निर्णय सांगितला आणि २०२५ मध्ये फायरफॉक्सचा कोडही गिटहबवर आला.

यातल्या किती जणांनी "गिट तांत्रिकदृष्ट्या सरस आहे" असं कारण दिलं ते बघा. पायथनच्या लोकांचं म्हणणं मुख्यतः असं होतं की योगदान देणारे लोक तिथे आहेत आणि आपल्या पॅचची रांग हलत नाहीये. मोझिलाचं म्हणणं असं की दोन्ही चालवायचा भार पेलवत नाही. म्हणून मी पाऊलखुणांच्या बाजूने. हत्यार हरलं नाही, त्याच्या भोवतीची माणसं दुसरीकडे राहायला गेली.

ज्यांना अजून वापरायचंय त्यांच्यासाठी हेप्टापॉड आहे, गिटहबसारख्याच गिटलॅबवर बेतलेलं, मर्क्युरिअल चालतं.

पाऊलखुणा

वाटसरू, अगदी हेच म्हणायचं होतं. रानफूल, तुमचा मुद्दा मान्य, "कोडसाठी" हा शब्द घालायलाच हवा होता.

अजून एक बाजू. गूगलचं कोड ठेवायचं होस्टिंग, गूगल कोड, आठवतंय का? २००६ मध्ये एसव्हीएनवर सुरू झालं, २००९ मध्ये मर्क्युरिअल घेतलं आणि गिट घ्यायला २०११ उजाडलं. २०१५ मध्ये बंद करत असल्याची घोषणा, त्याच ऑगस्टमध्ये सगळं फक्त वाचण्यापुरतं उरलं. म्हणजे तीन-तीन साधनं देणारं, एवढ्या मोठ्या कंपनीचं होस्टिंग टिकलं नाही आणि एकाच साधनावर उभं राहिलेलं टिकलं. गिटहबवर तर बरीच वर्षं एसव्हीएन क्लायंटनेही रेपो वाचता-लिहिता यायचा, खूप जणांना हे माहीतच नव्हतं, २०२४ च्या जानेवारीत ती सोय बंद केली. आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घ्यायचं ठरवलं तेव्हा ते पैसे गिटचे नव्हते, गिट फुकट आहे. ते पैसे तिथे जमलेल्या माणसांचे होते.

मला त्रास याचाच होतो. वितरित म्हणून आणलेलं साधन, प्रत्येकाकडे पूर्ण प्रत, कुठल्याही सर्व्हरवर अवलंबून नाही, आणि प्रत्यक्षात आपण इश्यू, रिव्ह्यू, चर्चा, बिल्ड सगळं एका कंपनीच्या वेबसाइटवर ठेवलंय. कोडचा इतिहास क्लोनमध्ये येतो पण तो बदल का केला यावरची पन्नास प्रतिसादांची चर्चा क्लोनमध्ये येत नाही. फॉसिल याबाबतीत किती विचारी आहे बघा, एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणाऱ्यांनीच केलंय आणि एसक्यूलाइटचा कोड त्याच्यावरच असतो. कोड, बग, विकी, फोरम सगळं एका एसक्यूलाइट फाइलमध्ये आणि चालवायला एकच प्रोग्राम. क्लोन केलं की सगळं आलं. लहान टीमसाठी याहून नेटकं काही मी बघितलेलं नाही.

खटपट्या

वाटसरूंचा प्रतिसाद वाचून थोडा मागे येतो. मर्क्युरिअल विरुद्ध गिट एवढंच बघितलं तर होस्टिंगने निकाल लावला, मान्य. एसव्हीएन विरुद्ध गिट बघितलं तर मर्ज आणि लोकल कमिट. ही दोन वेगळी भांडणं आपण एकात मिसळतोय.

पण तिसरं एक भांडण आहे ते म्हणजे आकार, आणि तिथे गिट बराच काळ हरत होतं. २०१२ मध्ये फेसबुकच्या लोकांनी गिटच्या मेलिंग लिस्टवर विचारलं होतं की आमचा रेपो वाढतोय, गिट मंद होतंय, काय करावं. साधारण सल्ला असा मिळाला की रेपोचे तुकडे करा. त्यांना तुकडे करायचे नव्हते. मग ते मर्क्युरिअलकडे गेले, त्याच्या आतल्या भागांत बदल करणं सोपं होतं म्हणून, आणि तेच पुढे वाढत वाढत सॅपलिंग झालं जे २०२२ मध्ये ओपन सोर्स केलं. गूगलचं तर पायपर नावाचं घरचंच आहे, त्याआधी पर्फोर्स होतं. त्यांनीच २०१६ मध्ये लिहिलेल्या लेखात आकडे दिलेत, सुमारे एक अब्ज फाइली, ८६ टेराबाइट, साडेतीन कोटी कमिट, सगळं एकाच रेपोत.

आणि मायक्रोसॉफ्टने उलट केलं, विंडोजचा कोड गिटमध्ये आणला. ३०० जीबी, ३५ लाख फाइली. सुरुवातीला क्लोनला बारा तासांच्या वर आणि साध्या गिट स्टेटसला आठ-दहा मिनिटं लागायची. मग त्यांनी फाइल सिस्टिमच आभासी केली, फाइल उघडली तरच ती खाली येणार, तेव्हा स्टेटस काही सेकंदांवर आलं. महत्त्वाचं म्हणजे त्यातलं बरंचसं शहाणपण त्यांनी मूळ गिटमध्ये परत दिलं. पार्शल क्लोन, स्पार्स चेकआउट, फाइल सिस्टिम मॉनिटर, कमिट ग्राफ, स्केलार. आज आपण मोठा रेपो विनासायास वापरतो त्यामागे हे काम आहे. म्हणून "गिट २००५ मध्ये जिंकलं" असं म्हणणं बरोबर नाही, ते गेली वीस वर्षं दुरुस्त होत होत जिंकत आलंय आणि २००५ च्या जुलैपासून एकच मेंटेनर, जुनिओ हमानो, ते सांभाळतोय याचं श्रेय फार थोडे लोक देतात.

अवांतर, पण रोचक. २०१७ च्या फेब्रुवारीत एसएचए-१ हा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) फोडून दाखवला, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींना एकच हॅश येतो हे दाखवलं, तेव्हा सगळे गिटची काळजी करत होते कारण गिटचा सगळा डोलारा त्या हॅशवर आहे. प्रत्यक्षात पहिला फटका बसला एसव्हीएनला. सारखा हॅश असलेल्या त्या दोन पीडीएफ वेबकिट या ब्राउझर इंजिनच्या रेपोत चाचणी म्हणून टाकल्या आणि रेपोच अडकला, कारण एसव्हीएन एकसारख्या फाइली एकदाच साठवायला तोच हॅश वापरायचं.

नवशिक्या_२४

सगळ्यांना नमस्कार, मी नुकतंच काम सुरू केलंय त्यामुळे गिट सोडून बाकी नावं पहिल्यांदाच ऐकतोय, वाचायला फार मजा आली. दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे मी फक्त गिट शिकलो तर पुरेल का? आणि दुसरं, मला ॲड, कमिट, पुश, पुल येतं पण रिबेस (आपले कमिट उचलून दुसऱ्या कमिटवर नव्याने रचणं) म्हटलं की भीती वाटते, काहीतरी उडेल असं वाटतं आणि मग मी फोल्डरची कॉपी करून ठेवतो. अनुभवी लोक असं करत नसतील ना?

वाटसरू

पहिल्याचं उत्तर, हो, पुरेल. दुसऱ्याबद्दल, फोल्डरची कॉपी करणारे पुष्कळ आहेत, २०१८ च्या त्याच सर्वेक्षणात व्हर्जन कंट्रोल म्हणून झिप फाइल ठेवणारे साधारण ८ टक्के निघाले होते. पण तुम्हाला त्याची गरज नाही. जे एकदा कमिट झालं ते गिट सहसा लगेच टाकत नाही, रिबेस बिघडला तरी जुना कमिट तिथेच असतो, फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारं कोणी नसतं. गिट रीफ्लॉग चालवा, हेड (तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात ती खूण) कुठून कुठे गेलं ते ओळीने दिसतं, जुना हॅश घ्या आणि त्याच्यावर ब्रँच काढा. गिट खरोखर काय उडवू शकतं तर कमिट न केलेले बदल. म्हणून रिबेसच्या आधी कमिट करा, नाव "अर्धवट" ठेवलं तरी चालेल. एवढं एक कळलं की भीती जाते.

टर्मिनलप्रेमी

नवशिक्या यांचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं कारण मला या सगळ्या चर्चेत पुढचा कल तिथेच दिसतो. लोकांना गिट आवडत नाही असं नाही, गिटचं तोंड, म्हणजे कमांड, आवडत नाही. पोट, म्हणजे आतली साठवण, चांगलं आहे. आणि आता नवीन साधनं येतायत ती नेमकं हेच धरून, पोट गिटचं ठेवायचं आणि तोंड बदलायचं.

मी बराच काळ जुजुत्सु वापरतोय, कमांड जेजे. गूगलमधल्या एका अभियंत्याने छंद म्हणून २०१९ मध्ये सुरू केलेलं, रस्टमध्ये लिहिलेलं. तुमचा रेपो गिटचाच राहतो, सहकाऱ्यांना कळतही नाही की तुम्ही दुसरं काही वापरताय, गिटहबवर पुश होतं, पुल रिक्वेस्ट जाते. पण आत काम करायची पद्धत वेगळी आहे. स्टेजिंग एरिया (गिटमध्ये कमिटच्या आधी बदल निवडून ठेवायची जागा) नावाची गोष्टच नाही. तुमची सध्याची कामाची प्रत हाच एक कमिट असतो, आणि जेजेची कुठलीही कमांड चालवली की फाइलींतले बदल त्या कमिटमध्ये आपोआप नोंदले जातात. त्यामुळे वाटसरू म्हणाले तो "कमिट न केलेले बदल उडाले" हा प्रकार जवळपास संपतो. स्टॅश (अर्धवट बदल बाजूला ठेवणं) लागत नाही.

मग कॉन्फ्लिक्ट. गिटमध्ये रिबेस करताना कॉन्फ्लिक्ट आला की गिट थांबतं आणि तुम्हालाही थांबवतं, तो सोडवा नाहीतर सगळं रद्द करा. जेजेमध्ये कॉन्फ्लिक्ट हा कमिटमध्येच नोंदवला जातो आणि रिबेस पूर्ण होतो. तुम्ही दुसरं काम करा, सवडीने येऊन तो सोडवा, सोडवलात की त्याच्या वरचे सगळे कमिट आपोआप नव्याने रचले जातात. एकावर एक पाच-सहा छोटे बदल रचून रिव्ह्यूला पाठवणाऱ्यांना विचारा याची काय किंमत आहे. आणि प्रत्येक क्रियेची नोंद ऑपरेशन लॉगमध्ये, जेजे अनडू म्हटलं की मागची क्रिया रद्द. रीफ्लॉग खणत बसायला नको.

वाटसरू, तुम्हाला एक सांगतो, यातलं बरंच काही मर्क्युरिअलचं आहे. बदलाला हॅशपेक्षा वेगळी, कायम राहणारी ओळख, जुन्या आवृत्तीतून नवी कशी झाली याचा माग, बदल आपापल्या कमिटमध्ये आपोआप मिसळणारी ॲबसॉर्ब कमांड, कमिट निवडायची रिव्हसेट ही भाषा, सगळं तिकडून आलेलं किंवा तिकडच्या विचारातून वाढलेलं. म्हणजे ते विचार मेलेले नाहीत, गिटच्या साठवणीवर परत उभे राहिलेत.

कमतरता पण सांगतो. सबमॉड्यूल (रेपोच्या आत दुसरा रेपो) आणि एलएफएसवर तुमचं काम अवलंबून असेल तर अजून घाई करू नका. एडिटरमधले बरेच प्लगिन गिट गृहीत धरतात. आणि टीमच्या शेजारच्या माणसाला मदत मागाल तर त्याला गिटच येत असतं.

पिहूल हे साधनही बघण्यासारखं आहे, डार्क्ससारखा पॅचचा (सुट्या बदलांचा) सिद्धांत घेऊन, पण डार्क्सला काही मर्जमध्ये जो बेसुमार वेळ लागायचा तो प्रश्न मुळातून सोडवायचा प्रयत्न केलाय. विचार फार सुंदर आहे. वापर मात्र थोडा, आणि त्याला कारण तेच, साठवण गिटची नाही.

हिरवीवाट

एक नवा कल राहिला. आजकाल कोड लिहिणारे एआय एजंट एकाच वेळी चार-पाच कामांवर लावतात, आणि प्रत्येकाला वेगळं फोल्डर हवं म्हणून लोक गिट वर्कट्री वापरायला लागलेत. ही सोय २०१५ पासून गिटमध्ये आहे, आजवर मोजके लोक वापरायचे. आता अचानक सगळ्यांच्या तोंडी. माझ्या मते यामुळे कमिटचा इतिहास नीट ठेवण्याला जास्त महत्त्व येणार, कारण जो कोड माणसाने ओळीओळीने लिहिलेला नाही तो कुठून आला हे नंतर शोधायला ब्लेम (कुठली ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारी कमांड) आणि कमिट मेसेज एवढंच हातात असणार.

संथवाहता

मंडळी, तुम्ही पुढच्या कलाबद्दल बोलताय आणि मी मागच्या कलात अडकलेय, पण तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल म्हणून विचारते. आमच्याकडे खूप जुना एसव्हीएन रेपो आहे. कोड, डिझाइनच्या फाइली, करारांचे दस्तऐवज, सगळं त्याच्यात. काही फोल्डर काही लोकांना वाचायलाही बंद आहेत, ते एसव्हीएनच्या फोल्डरनिहाय परवानग्यांनी केलंय. वरून आदेश आलाय की सगळं गिटवर न्या. नव्याने येणाऱ्या मुलांना एसव्हीएन येत नाही आणि बिल्डची नवी साधनं आधी गिटचा विचार करतात हे खरं आहे, पण मला सगळं नेणं पटत नाहीये. काय करू?

खटपट्या

संथवाहता, तुमची शंका रास्त आहे. सगळं नेऊ नका.

गिटमध्ये फोल्डरनिहाय वाचायची परवानगी नाही. ज्याला क्लोन मिळालं त्याला सगळं मिळालं, इतिहासासकट. त्यामुळे जे फोल्डर कोणाला तरी बंद आहेत ते वेगळ्या रेपोत गेले पाहिजेत किंवा मुळात गिटमध्ये जायलाच नकोत. करारांचे दस्तऐवज एसव्हीएनमध्येच राहू द्या असं मी म्हणेन. लॉक आहे, परवानग्या आहेत, हवा तो फोल्डर तेवढा चेकआउट करता येतो, त्या कामासाठी ते आजही उत्तम आहे आणि अपाची फाउंडेशनकडे ते अजून सांभाळलं जातंय.

कोड न्यायचा तर एसव्हीएनचा इतिहास गिटमध्ये आणणारी गिट एसव्हीएन ही कमांड वापरून न्या. आधी लेखकांची फाइल बनवा, एसव्हीएनचं युजरनेम डावीकडे आणि नाव-ईमेल उजवीकडे, नाहीतर इतिहासात सगळी अर्धवट नावं राहतात. मेटाडेटा काढून टाकायचा पर्याय देऊ नका. तो दिला नाही तर प्रत्येक कमिट मेसेजच्या शेवटी जुना एसव्हीएन रिव्हिजन नंबर राहतो, आणि तुमच्या बग ट्रॅकरमध्ये वर्षानुवर्षं जे रिव्हिजन नंबर लिहिलेत ते त्यामुळे शोधता येतात. एसव्हीएनचे टॅग ब्रँचसारखे येतात, त्यांचे खरे टॅग करून घ्या. रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही, बिल्ड स्क्रिप्टला एखादा लागत असेल तर आधीच बघा. एक्स्टर्नल्स (दुसऱ्या रेपोतून आणलेले फोल्डर) असतील तर गिटमध्ये त्यांना आपोआप पर्याय मिळत नाही, हाताने सोडवावं लागेल.

रानफूल

खटपट्यांच्या यादीत एक घालते. डिझाइनच्या मोठ्या फाइली कधीकाळी कोडच्या फोल्डरमध्ये आल्या असतील आणि नंतर काढल्या असतील, तरी इतिहासात त्या आहेतच आणि गिटमध्ये प्रत्येकाच्या क्लोनमध्ये येणार. आधी प्रयोगाचं एक रूपांतर करून मोठ्यात मोठ्या फाइलींची यादी काढा, मग गिट फिल्टर-रेपो या साधनाने त्या इतिहासातून बाहेर काढा आणि मगच लोकांना रेपो द्या. एकदा लोकांनी क्लोन केलं की इतिहास बदलणं म्हणजे प्रत्येकाला परत क्लोन करायला सांगणं.

आणि आर्टिस्ट, डिझायनर यांना आधी विचारा. त्यांना आज लॉक मिळतोय तो उद्या मिळणार आहे का हे निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणी बघितलेलं नसतं.

संथवाहता

खूप आभार दोघांचे. परवानग्यांचा मुद्दा वर मांडते, तो ऐकतील असं वाटतं. जुना एसव्हीएन सर्व्हर बंद करायचा की ठेवायचा?

खटपट्या

करारांच्या फोल्डरसाठी तो चालू राहणारच आहे. कोडच्या फोल्डरला फक्त वाचायची परवानगी ठेवा, प्री-कमिट हुक (कमिटच्या आधी सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट) लावून लिहिणं बंद करा आणि हुकच्या एरर मेसेजमध्ये नव्या गिट रेपोचा पत्ता लिहा, म्हणजे जो सवयीने कमिट करायला जाईल त्याला तिथेच कळेल.